वेडी ठरवलेल्या बाईचा शब्द

(नंदाखाल इथे परिसरातल्या महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. शेवटी चर्चेतले काही प्रश्न दिले आहेत.)



आज मला तुमच्याशी एका बाईच्या कामाबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव भार्गवी दावर. मे २०२४ मध्ये त्या गेल्या. पुण्यात त्यांनी पंचवीस वर्षं संस्था चालवली, इंग्रजीत महत्त्वाची पुस्तकं लिहिली. पण आपल्या गावागावांतल्या मंडळांपर्यंत त्यांचं नाव फारसं पोचलेलं नाही. ते पोचायला हवं, कारण ज्या प्रश्नाशी आपण सगळ्याच अडखळतो, तो त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला.

कुठला प्रश्न? आपल्याकडे बाई तक्रार घेऊन येते. नवरा मारतो म्हणते, सासरचे पैसे मागतात म्हणते. अशा वेळी काय करायचं ते आपल्याला आता ठाऊक झालंय. पोलीस, वकील, संरक्षण अधिकारी, मोर्चासुद्धा. पण सासरचे येऊन हळूच सांगतात, "ताई, तिचं ऐकू नका, तिच्या डोक्यावर परिणाम झालाय," तेव्हा आपला पाय थबकतो. आपण तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागतो. तिची तक्रार तीच असते, मारही तोच असतो. पण तिच्या शब्दाचं वजन एका वाक्याने निम्म्यावर येतं.

हे वजन कसं कमी होतं, कोण कमी करतं आणि ते परत कसं मिळवायचं, हा भार्गवी दावर यांच्या कामाचा गाभा आहे.

कोण होत्या भार्गवी दावर?

त्यांचा जन्म १९६२ चा. पदवी पाहिली तर त्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक. मुंबईच्या आय.आय.टी.तून त्यांनी पीएच.डी. केली. मनाच्या शास्त्रांचा पाया काय, ती कशाच्या आधारावर माणसाबद्दल निर्णय देतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. १९९५ मध्ये पी. आर. भट यांच्यासोबत त्यांचं मनोविश्लेषणावरचं पुस्तक आलं. पण मन आणि भोवतालचा समाज यांचं नातं, म्हणजे ज्याला आपण सामाजिक मानसशास्त्र म्हणतो, तो प्रांत त्यांनी ग्रंथालयात बसून निवडलेला नव्हता. त्यांच्या आईला मनोरुग्णालयांत ठेवलं गेलं होतं. लहान वयात भार्गवीने ती जागा आतून पाहिली होती. स्वतःही मानसिक त्रासातून गेल्याचं त्या उघडपणे सांगत. आईचं नाव बापू. १९९९ साली पुण्यात त्यांनी संस्था काढली, तिला आईचंच नाव दिलं, बापू ट्रस्ट.

त्याच वर्षी त्यांचं 'मेंटल हेल्थ ऑफ इंडियन विमेन' हे पुस्तक आलं. भारतीय बायकांच्या मानसिक आरोग्याबद्दल स्त्रीवादी भूमिकेतून सलग मांडणी करणारं हे सुरुवातीचं पुस्तक. २००१ मध्ये याच विषयावरचा त्यांनी संपादित केलेला लेखसंग्रह आला, २०१५ मध्ये सुंदरी रवींद्रन यांच्यासोबत आणखी एक. पुढे त्यांचं काम आशिया खंडातल्या मानसिक त्रासातून गेलेल्या लोकांच्या संघटनांपर्यंत आणि संयुक्त राष्ट्रांपर्यंत पसरलं.

आईची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्याकडे अशी आई घरात असली की ती लपवली जाते. लेकीच्या लग्नाआधी तिचं नाव निघू देत नाहीत. इथे लेकीने आईचं नाव संस्थेच्या पाटीवर लिहिलं.

दुखणं कुठे उगवतं?

१९९५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त त्यांनी भारतीय बायकांच्या मानसिक आजारावर एक लेख लिहिला. त्यातला मुद्दा साधा आहे, पण तो आपल्या कामाची दिशा बदलतो. मानसिक आजारांचे ढोबळ दोन गट करता येतात. एक गंभीर आजारांचा. त्यात भास होतात, वास्तवाचं भान सुटतं. त्यात बाई-पुरुषांचं प्रमाण साधारण सारखं. दुसरा नेहमी आढळणाऱ्या आजारांचा. नैराश्य, सततची चिंता, भीती, झोप उडणं, शरीरातून बोलणारी दुखणी. यात बायकांचं प्रमाण पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट.

आता सरकारकडे बघा. आपला राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. त्याचा भर गंभीर आजारांवर, गोळ्यांवर, दवाखान्यावर. म्हणजे जे दुखणं बायकांच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं, तेच सरकारी यादीत मागे पडलं. ज्या बाईला भास होत नाहीत, जी चार वाजता उठून पाणी भरते, डबे करते, गाडी पकडते, आणि रात्री छताकडे बघत पडून राहते, तिला कोणी आजारी म्हणतच नाही. तिला म्हणतात कटकटी, रडूबाई, नाटकी.

ही दुप्पट संख्या येते कुठून? बाईचं मनच हळवं, हे उत्तर फार जुनं आहे आणि फार सोयीचंही. लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी ४५८ बायकांचा अभ्यास केला. तो १९७८ मध्ये पुस्तकरूपाने आला. आयुष्यात मोठा घाव बसला की कोणीही कोलमडू शकतं. पण कोण जास्त कोलमडतं? त्यांना चार गोष्टी दिसल्या. मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, पदरात तीन किंवा जास्त लहान मुलं असणं, घराबाहेरचं काम नसणं, आणि लहानपणी, अकरा वर्षांच्या आत, आई गेलेली असणं. या चारांत मेंदूची रसायनं कुठे नाहीत. घर आहे, पैसा आहे, एकटेपण आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांपासून सुरुवात करून असाच अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. त्यामागे पैशाची ओढाताण होती, नवऱ्याशी बिघडलेलं नातं होतं. आणि बाळ मुलगी की मुलगा, यावरही आईचं मन ठरत होतं. मारहाण आणि उपासमार या गोष्टींचा परिणामसुद्धा बाळाच्या लिंगाप्रमाणे बदलत होता. सांगा, याला फक्त डॉक्टरी आजार म्हणायचं का?

आता आपल्या वसईकडे या. आपल्या आया-आज्यांचं आयुष्य काही सोपं नव्हतं. वाडीतलं काम, विहिरीवरचं पाणी, भाजी-फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेची विरार गाडी. पण त्या कष्टात बायका बायकांसोबत होत्या. विहिरीवर, ओट्यावर, गाडीच्या डब्यात बोलणं व्हायचं. सासूबद्दलची तक्रार पाट्यांबरोबरच उतरवली जायची. आज पुष्कळ वाड्यांच्या जागी इमारती आहेत. एकीकडे नवी लग्न होऊन आलेली मुलगी चौथ्या मजल्यावर दार लावून बसते. नवरा कामाला पहाटे जातो, रात्री येतो. कुणाचा बोटीवर असतो, सहा-सहा महिने येत नाही. दुसरीकडे जुन्या घरात म्हातारी एकटी असते आणि मुलं परदेशात. कॅम्बरवेलच्या यादीतली पहिली ओळ आठवा, मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं. ती ओळ आपल्या गल्ल्यांतून फिरून बघा.

पूर्वी सगळं छान होतं, असं मला म्हणायचं नाही. जुन्या ओट्यावर बोलणाऱ्या बायकांचा मारही त्याच घरात चालू होता. मला एवढंच म्हणायचंय, की ऐकणारी माणसं कमी झाली की दुखण्याला वाट उरत नाही. मग ते शरीरातून बाहेर येतं. हात-पाय जळजळतात, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, अंगावरून पांढरं जातं.

इथे एक सावधगिरी. शरीराची तक्रार आली की लगेच "मनाचं आहे" म्हणून मोकळं व्हायचं नाही. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं. १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तेव्हा आधी तपासणी. तपासणीनंतरही दुखणं राहिलं तर ते खोटं नाही. त्याचं उत्तर गोळीच्या पाकिटात नसेल, घरात असेल, एवढंच.

शिक्का आणि कागद

भार्गवी दावर यांची चळवळीवर एक टीका होती. ती ऐकायला कडू आहे. त्यांचं म्हणणं, स्त्री-चळवळीने हिंसाचारावर बोललं, हुंड्यावर बोललं, पण ज्या बाईला खरोखर मानसिक आजार आहे तिला चळवळीत जागा दिली नाही. "ती वेडी नाही हो, तिला वेडी ठरवलंय," असं आपण म्हणतो. बरोबर आहे, पुष्कळदा तसंच असतं. पण समजा तिला आजार आहे. मग? मग तिला मारलेलं चालेल? मग तिचे दागिने काढून घेतलेले चालतील? आपलं समर्थन जर ती "शहाणी" असण्यावर अवलंबून असेल, तर तो शिक्का आपणही मान्य केला.

हा शिक्का कायद्यात कसा येतो ते बघा. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात जोडीदार बरा न होणारा मनोरुग्ण आहे, किंवा त्याला असा आणि इतका मानसिक विकार आहे की त्याच्यासोबत राहणं शक्य नाही, हे घटस्फोटाचं कारण आहे. ख्रिस्ती समाजाला लागू असलेला घटस्फोट कायदा १८६९ चा, २००१ मध्ये दुरुस्त झालेला. त्यातही किमान दोन वर्षं सतत बरं न होणारं वेडेपण हे कारण आहे. चर्चच्या न्यायाधिकरणात विवाह मुळातच अवैध होता असं मागता येतं, तिथे १९८३ च्या कॅनन संहितेतलं १०९५ वं कलम मानसिक कारणांबद्दल बोलतं. ही कलमं बाई-पुरुष दोघांना लागू आहेत. पण घरातून बाहेर कोण काढलं जातं, ते आपण रोज पाहतो.

तक्रारींत एक नमुना सारखा दिसतो. लग्नानंतर वर्षभरात मुलगी गप्प होते. झोप येत नाही. सासरचे स्वतःच डॉक्टरकडे नेतात, हे तिला काळजीचं वाटतं. झोपेची गोळी सुरू होते. दोन वर्षांनी नोटीस येते आणि त्यासोबत त्याच चिठ्ठ्यांच्या प्रती जोडलेल्या असतात. उपचार म्हणून सुरू झालेला कागद पुरावा होऊन परत येतो. त्या मुलीची झोप कशाने उडाली, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

तेव्हा काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. नुसतं आजाराचं नाव सांगून घटस्फोट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात ते स्पष्ट केलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द पुरेसा नाही, आजार किती आणि कसा ते सिद्ध करावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या तिसऱ्या कलमात सांगितलंय की एखाद्याला मानसिक आजार आहे एवढ्यावरून त्याला कायद्याच्या अर्थाने वेडा मानता येत नाही, सक्षम न्यायालयाने तसं ठरवलं तरच. याच कायद्याने तिला स्वतःच्या उपचारांची कागदपत्रं मिळवण्याचा हक्क आहे आणि मोफत कायदेशीर मदतीचाही. आणि ख्रिस्ती बहिणींसाठी, चर्चने विवाह रद्द ठरवला म्हणून सरकारी कायद्यातलं लग्न संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं आहे. "फादरनी कागद दिला, आता तुझा हक्क नाही," असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पोटगी, घर, मुलं, हे प्रश्न सरकारी न्यायालयात सुटतात.

"ठाण्याला पाठवू"

आपल्या भागात लहानपणापासून एक धमकी ऐकू येते, "ठाण्याला पाठवू". पुण्याकडे हेच येरवड्याच्या नावाने म्हणतात. गावाच्या नावातच भीती बसली आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथे चांगले डॉक्टर आहेत, मनापासून काम करणाऱ्या परिचारिका आहेत. प्रश्न व्यक्तींचा नाही. बरी झालेली बाई घरी न्यायला कोणी येत नाही, हा आहे. पत्ता खोटा निघतो. भाऊ म्हणतो, नवऱ्याकडे पाठवा. नवऱ्याने दुसरा संसार थाटलेला असतो.

कायदा कसा बदलत गेला तेही बघा. १९१२ चा इंग्रजांचा कायदा, त्याचं नावच वेड्यांचा कायदा. त्यानंतर १९८७ चा कायदा, तो अंमलात आला १९९३ मध्ये. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. आतली माणसं साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण जळून मेले. देश हादरला. पुढे २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला. त्यात मानसिक त्रास असलेली माणसंही येतात. त्यावर आधारून २०१७ चा कायदा झाला.

या कायद्यात बाईच्या दृष्टीने काय आहे? साखळीने बांधायला बंदी. भूल न देता विजेचे झटके द्यायला बंदी. मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करायला बंदी. तीन वर्षांच्या आतलं मूल उपचारांच्या काळात सहसा आईपासून तोडायचं नाही. तिच्या वतीने कोणी बोलायचं ते तिने स्वतः लिहून ठरवायचं, तो नवराच असला पाहिजे असं नाही. मैत्रीण चालेल, मंडळाची कार्यकर्ती चालेल. तिच्या इच्छेशिवाय तिला दाखल केलं तर रुग्णालयाने तीन दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. पुरुषाच्या बाबतीत ही मुदत सात दिवसांची आहे. आणि कुटुंबासोबत राहता येत नसेल तर घरात राहण्याचा हक्क मिळवून द्यायला सरकारने मदत करायची. हे शेवटचं कलम आपल्याला फार उपयोगी आहे, ते वापरायला हवं.

भार्गवी दावर मात्र या कायद्यावर समाधानी नव्हत्या. आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की कायद्यासमोर प्रत्येक माणसाला सारखीच मान्यता आहे. मग काही माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध दाखल करता येईल अशी तरतूद ठेवायचीच कशाला? कावीळ झालेल्या माणसाला पोलीस घेऊन जातात का? हा त्यांचा प्रश्न. मला स्वतःला वाटतं की क्वचित असे प्रसंग येतात, जिथे जीव वाचवायला दोन दिवस कुणाला धरून ठेवावं लागतं. आणि गोळ्यांनी उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्या गोळ्या बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. पण त्यांच्या प्रश्नाने एक पक्कं होतं. जबरदस्ती ही सोय होता कामा नये. आणि संमती नुसत्या सहीत नसते. काय आजार आहे, गोळी कशाची, तिने काय त्रास होऊ शकतो, किती दिवस घ्यायची, हे बाईला तिच्या भाषेत सांगितलं का, ते विचारायचं.

१९९४ साली पुणे जिल्ह्यात शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली. त्यांना पाळी सांभाळता येत नाही, हे कारण. तेव्हा स्त्री-संघटनांनी आवाज उठवला होता. मतिमंदत्व वेगळं, मानसिक आजार वेगळा. पण तर्क तोच. जिला समजत नाही असं आपण ठरवलं, तिला विचारायचं नाही.

दर्गा, देऊळ, प्रार्थना

आता जरा अवघड विषय. मानसिक त्रास झाला की आपल्याकडची बाई पहिली कुठे जाते? देवळात, दर्ग्यात, प्रार्थना शिबिरात, जाणत्याकडे. एरवाडीनंतर अशा जागा बंदच करा असा सूर निघाला. भार्गवी दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे येणाऱ्या लोकांना त्यांनी विचारलं, तुम्ही इथे का येता, तुम्हाला काय मिळतं. त्यांना दिसलं की पुष्कळ बायकांना तिथे थोडी मोकळीक मिळते. घरात ओरडता येत नाही, तिथे येतं. घुमणाऱ्या बाईला कोणी वेडी म्हणत नाही. सोबतीला तिच्यासारख्याच बायका असतात. दवाखान्यात तिला पाच मिनिटं मिळतात, इथे दिवसभर बसता येतं.

आपल्यापैकी ज्या अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतात त्यांना हे पटणार नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपण संघर्षाने मिळवला आहे. भूत उतरवायचं म्हणून मारणं, बांधणं, उपचार बंद करायला लावणं, बाईचा गैरफायदा घेणं, हे गुन्हे आहेत आणि तिथे तडजोड नाही. पण बाई तिथे कशासाठी जाते हे समजून घेतल्याशिवाय आपण तिला दुसरं काय देणार? तिला बसायला जागा हवी असते, ऐकणारं माणूस हवं असतं आणि अपराधी न वाटता रडायला मुभा हवी असते. हे आपल्या मंडळाच्या खोलीत मिळतं का?

गल्लीतलं काम

बापू ट्रस्टने पुण्याच्या वस्त्यांत 'सेहर' नावाचा कार्यक्रम चालवला. त्याची पद्धत मला फार आवडते, कारण ती आपल्याला जमण्यासारखी आहे. वस्तीच्या कोपऱ्यावर बैठका घ्यायच्या. घरोघरी जायचं. 'वेड' हा शब्द न वापरता झोप, भूक, काळजी, भांडण याबद्दल बोलायचं. ज्याला त्रास आहे त्याच्याभोवती घरातली, शेजारची दोन-चार माणसं उभी करायची. चित्रं, गाणं, ताल, हालचाल यांचा उपयोग करायचा. नीट खायला मिळतंय का ते बघायचं, कारण उपाशी पोटी मन थाऱ्यावर राहत नाही. रेशनकार्ड, पेन्शन, दाखला मिळवून द्यायचा, कारण तोही मनाच्या उपचाराचाच भाग. आणि गरज लागली तर डॉक्टर. यादीत डॉक्टर आहे, पण तो एकटा नाही.

आपण काय करू शकतो?

पहिलं, मंडळाच्या बैठकीत महिन्यातून एकदा तासभर फक्त बोलण्यासाठी ठेवू. हिशोब नाही, कर्जाचे हप्ते नाहीत. जी येत नाहीशी झाली आहे तिच्या घरी दोघींनी जायचं.

दुसरं, "तिच्या डोक्यावर परिणाम झालाय" असं कोणी सांगितलं तर तिची तक्रार तितक्याच काळजीने, तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यायची. तिला एकटीला भेटायचं. बोलणं तुटक असेल, मागेपुढे होत असेल, तर दोन-तीनदा भेटायचं. लक्षात ठेवा, मानसिक छळ हाही छळच आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात भावनिक छळ येतो. १ जुलै २०२४ पासून ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं आली आहेत, त्यांतही मानसिक क्रूरता आहे.

तिसरं, आपल्यातल्या ज्या बायका उपचार घेत आहेत त्यांनी आपल्या वतीने कोण बोलेल हे आत्ताच, बरं असताना लिहून ठेवावं. सरकारची १४४१६ ही फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. तो क्रमांक मंडळाच्या फळ्यावर लिहा.

चर्चेतले प्रश्न

एका मैत्रिणीने विचारलं, बाई जेवतच नाही, स्वतःशी बोलते, कोणाला जवळ येऊ देत नाही. तेव्हा इच्छा-इच्छा करत बसायचं का?

नाही, बसायचं नाही. तिच्यापाशी बसायचं. ती ज्याचं ऐकते असं एक तरी माणूस असतं, बहुतेकदा एखादं मूल किंवा जुनी शेजारीण. त्याला सोबत घ्या. काय करायचंय ते तिला सांगा, फसवून गाडीत घालू नका. "बाजारात जाऊ" म्हणून दवाखान्यात नेलेली बाई पुन्हा कुणावर विश्वास ठेवत नाही. जिवाला धोका असेल तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. पण तिथेही तिच्याबरोबर आत जा, आणि ती परत येईपर्यंत तिच्या घराची किल्ली कुणाकडे आहे त्यावर लक्ष ठेवा.

दुसरा प्रश्न होता, पुरुषांचं काय? त्यांनाही त्रास होतो.

होतो. पुष्कळदा तो दारूत बुडवला जातो, आणि तिथून बाईच्या पाठीवर येतो. पुरुषांनी रडू नये ही शिकवण त्यांच्याही मुळावर आली आहे. त्यांच्यासोबत काम व्हायला हवं. पण त्यांचा त्रास समजून घेणं म्हणजे मारहाणीला माफी देणं नव्हे.

तिसरा प्रश्न एका वयस्कर बाईंनी विचारला, घरात असं माणूस आहे हे बाहेर कळलं तर मुलींची लग्नं कशी व्हायची?

बाई, हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारायला धीर लागतो. लग्न ठरवताना लपवलं, तर तेच उद्या "फसवणूक केली" म्हणून मुलीच्या अंगावर येतं. मग तिच्या बाजूने बोलायला तोंड उरत नाही. त्यापेक्षा जे घर ऐकून घेऊनही हो म्हणतं, ते घर पारखलेलं असतं. सगळी तशी नसतील, हे मी नाकारत नाही. पण लपवण्याची किंमत कोण भरतं? आतल्या खोलीत बंद केलेली ती बाई भरते. तिच्याशी कोणी बोलत नाही, ती सणाला बाहेर येत नाही, आणि एक दिवस तिचं नावसुद्धा घरात घेतलं जात नाही.

पुढच्या महिन्यात आपण पुन्हा भेटू. येताना प्रत्येक गटाने एवढंच करून यावं. आपल्या आळीत अशी कुणी बाई असेल, तर तिच्या घरी जावं, तिच्या नावाने हाक मारावी, आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घ्यावं.